ऐच्छिक

उद्यमनगरात, लेथच्या दोन शेडमध्ये
चेपलेलं माझं दुकान : स्क्रीन प्रिंटिंग.
वर्ष झालं, सगळ्यात जास्त खपतंय हिरवं पान.
गुळाच्या खोक्यावर पान, उदबत्तीच्या पुड्यावर पान,
ताराबाई पार्कातल्या लाँड्रीच्या पिशवीवर पान,
खाली बारीक अक्षरात :
नदीला त्रास न देता धुतलेले.

शिदगोंडा पाटील आले शिरोळकडनं,
मांडीवर गुळाची ढेप, ढेपेवर तपासणीचे कागद.
गूळ काळपट.
"पावडर घालत न्हाई, भेंडीच्या रसानं मळी काढतो.
यार्डात पिवळ्याला भाव.
पोरगं म्हणालं, पान लावा."
अर्जातल्या एका शब्दावर बोट थांबलं.
"ऐच्छिक म्हंजे ओ?"
म्हटलं, सक्ती नाही कुणाची,
आपणच आपल्याला सांगायचं.
"ते तर काहिलीपाशी रोज सांगतोय की.
त्याला छापाईचं पैसं?"
तरी पाचशे घेतली.
जाताना गुळाचा एक खडा
शाईच्या डब्याशेजारी ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी साबणवाला, बुलेटवरनं न उतरता :
"नुसतं पान टाका मास्तर, खालचा नंबर नको.
नंबर वाचतंय कोण?"
मी टाकलं.
दोन हजार पानं. रोखीत.

रात्री जाळी धुताना
थिनरमध्ये हिरवं सुटतं,
मोरीतनं गटारीला, गटारीतनं जयंती नाल्याला,
तिथनं पंचगंगेला.
बावीस वर्षं माझ्या हातनं
हिरवं, लाल, निवडणुकीचं भगवं, निळं,
सगळं एकाच वाटेनं गेलं.
लाँड्रीवाल्याची ती बारीक अक्षरंसुद्धा.

त्या रात्री मोरीशी उभा राहिलो
आणि ओतलं नाही.
ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलं.
मग दुसरा डबा.
आता कपाटामागं सात आहेत, वास येतो.
कुठं न्यायचे, माहीत नाही.
महापालिकेत विचारलं तर खिडकीतनं आवाज :
"अर्ज कसला आहे?"

परवा इलाही डबे सरकवत होता.
"मास्तर, ह्येच्यावर काय लिहू?"
हातात ब्रश, पुढ्यात हिरवी शाई.

काही नको लिहू, म्हटलं.
झाकण तेवढं घट्ट लाव.