ड्रायव्हरच्या मागची सीट

एकोणीस वर्षं मी त्याला आरशातच पाहिला.
समोरासमोर फार तर डिझेल भरताना,
आणि एकदा तेरुएलच्या चढावर टायर बसला तेव्हा
बाह्या सारून तो जॅकपाशी आला होता.

पहिल्यांदा बसमध्ये चढला तो एकविसाचा.
एलादिओ बारिएन्तोस, सेंटर बॅक, पाठीवर चार नंबर.
थेट शेवटच्या सीटवर, पत्ते पिसणाऱ्या पोरांत.

वाल्देसिएर्सोचं मैदान म्हणजे
एका अंगाला पत्र्याची गॅलरी,
दुसऱ्या अंगाला डुकरांच्या खाद्याची गिरणी,
आणि एब्रोच्या खोऱ्यातून सुटणारा वारा,
गोलकीपरने मारलेला चेंडू त्यालाच परत आणून देणारा.
पगार महिन्याला. मिळाला तर.
एका नाताळात पगाराऐवजी तेलाचे डबे वाटले.
दोन त्याने मला दिले.
म्हणाला, तुझी बस तरी चालव यावर.

तो चपळ नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक.
पण फॉरवर्ड छाती फुटेस्तोवर पळत जायचे
आणि पोचायचे तिथे हा आधीच उभा,
सकाळपासून दुकान उघडून बसल्यासारखा.

सातव्या वर्षी तो मधल्या खिडकीशी आला.
गुडघ्यावर बर्फाची पिशवी.
वितळलेलं पाणी रबरी मॅटवरून ओघळत
माझ्या क्लचपर्यंत यायचं.
मी ओरडायचो. तो पाय उचलून घ्यायचा.
पाय उचलून पाणी थांबतं होय!

त्याच सालची ती मॅच. वर चढायला एक गोल हवा होता.
एकोणनव्वदावं मिनिट, कॉर्नर, त्याचं डोकं,
आणि खांब.
तो त्यावर कधी बोलला नाही.
गाव अजून बोलतं,
आणि बारमधल्या प्रत्येकाचा खांब वेगळ्या बाजूचा असतो.

चौतिसाव्या वर्षी बूट काढले,
आणि मधला एक उन्हाळा सोडला तर
ऑगस्टमध्ये पुन्हा पायरीवर हजर,
काखेत लोखंडी फळा, हातात लोहचुंबकांचा डबा.
बसला माझ्या मागे.
मे महिन्यापर्यंत त्याला एला म्हणणारी पोरं
आता मिस्टर म्हणू लागली, तिकडे कोचला तसंच म्हणतात.
सुरुवातीला तो मागे वळून बघायचा,
कोण आलंय म्हणून.

टीम लिहायचा माझ्याकडून मागून घेतलेल्या
डिझेलच्या पावत्यांवर.
त्यामुळे अकरा नावं मला आधी कळायची.
ज्या दिवशी फेर्मिनचं नाव नव्हतं
(मागच्या सीटवरचा त्याचा जोडीदार, दहा वर्षांचा),
त्याने पावती दोनदा फाडली,
दोनदा तीच नावं लिहिली.
आरशात मागे फेर्मिन पत्ते वाटत होता.
चार जणांचे. सवयीने.

फोन आला कास्पेच्या अलीकडे.
फेब्रुवारी, रविवार, तीन गोल खाऊन परतत होतो.
हो, अध्यक्ष. हो. समजलं.
एवढंच. आणि फोन खिशात.
मागे पोरं गात होती. हरूनही गातात, वयच ते.
तो म्हणाला, पुढच्या ढाब्यावर थांबव.
सगळ्यांना आम्लेट घातलेले पाव घेतले, बोटांनी मोजून,
एक माझाही.
स्वतः गाडीपाशी उभा राहिला, वाऱ्याकडे पाठ करून.
पोरांना मंगळवारी पेपरात कळलं.

उतरताना हात मिळवेल असं वाटलं होतं.
म्हणाला, उताराला मागचा ब्रेक घासतोय, दाखवून घे.
खरंच घासत होता.

ऐकतो की आता सोरियाकडे कुठेतरी आहे,
पहाटे ट्रक भरतो, संध्याकाळी एका क्लबची पोरं पळवतो,
आपल्याहून खालच्या लीगमध्ये.
आपल्याहूनही खाली काही असतं, हे मला माहीत नव्हतं.

हल्ली मी पेन्शनरांना गरम पाण्याच्या झऱ्यांवर नेतो.
झाडताना त्याच्या सीटखाली एक चुंबक सापडला, पिवळा,
चारचा आकडा निम्मा पुसलेला.
डॅशबोर्डवर लावून टाकलाय.
वळणावर थोडा सरकतो,
मग धरून राहतो.