कारण लिहायची जागा

शहापुरातल्या छापखान्यात पावतीपुस्तक टाकायला गेलो,
तेव्हा मारिहाळांनी चष्मा कपाळावर चढवला:
गणपतीचं, का शिवजयंतीचं?
म्हटलं, भरमू पळणार आहे,
व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर, चोवीस तास.
आणि पैसे?
पैसे फोनला. रात्री दोन ते सहा तो फोन
उचलायला माणूस नाही.
एक कन्नड येणारं हवं, एक मराठी.
‘कारण’ या शब्दापुढं टिंबं टिंबं होती.
तिथं काय छापायचं ते मी सांगितलं,
त्यांनी पुन्हा विचारून घेतलं, खालच्या आवाजात,
मशीनवरच्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून.

शनिवारी सहाला सुटला.
उद्यमबागेत बावीस वर्षं लेथपुढं उभा राहिलेला माणूस
पळतानाही उभाच वाटतो, खांदे हलत नाहीत.
मी निलगिरीखाली खुर्ची टाकून.
एका वाटीत चिंचोके, दुसरी रिकामी.
फेरी झाली की एक इकडून तिकडं.

फिरायला आलेल्या एका काकूंनी पाचशे दिले, पावती वाचली:
तो शब्द तेवढा काटा की, घरात पोरं आहेत.
मी काटला नाही.
त्यांनी घडी घातली, शब्द आत राहील अशी,
आणि चेनच्या कप्प्यात ठेवली.

मला बोलायला तोंड नव्हतं.
भरमूचा धाकटा, दत्तू, गेला तेव्हा
गल्लीत हार्ट म्हणून मीच सांगत फिरलो होतो.
एकतीस वर्षांचं हार्ट.

अकराला एक ड्रायव्हर आला, डेपोत गाडी लावून,
खाकीतच भरमूबरोबर एक फेरी चालला.
येष्टु आयतु, मला विचारलं.
एक्केचाळीस.
इन्नू ओंदु, अण्णा! तो भरमूच्या पाठीवर ओरडला,
अजून एक.
मग दोनशे काढले, पेन मागितलं
आणि स्थळप्रतीच्या पाठीमागं काहीतरी लिहिलं.
कन्नड मी बोलतो, वाचताना अडखळतो.
शि. व. ली. ला.
मगळु, म्हणाला. मुलगी.
एवढंच.
त्याच्यामागं उभ्या असलेल्या माणसानंही पान उलटलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
भरमू खाली बसला, गवतात, दवात.
साकु, म्हणाला. घरात आम्हीही हेच म्हणतो,
पुरे म्हणायला मराठी शब्द सुचत नाही पटकन.
मी खुर्चीवरून उठलो. वॉचमनला वाट्या दिल्या.
चालू या, पळायचं नाही, म्हटलं.
आणि पाण्याच्या टाकीपाशी
आठ वर्षं घशात ठेवलेलं काढलं:
त्या रात्री दत्तूनं मला फोन केला होता.
याच वेळेला. मी झोपलो होतो.

तो लंगडत होता.
माहीत आहे, म्हणाला.
मोबाईल माझ्याकडंच आहे की त्याचा.
मग बराच वेळ नुसत्या चपला वाजत होत्या, माझ्या.
मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीस?
तू झोपलेला होतास, म्हणाला, त्यात काय बोलायचं?

त्या फेरीचा चिंचोका वॉचमननं टाकलाच नाही.
आकडा एकशे सव्वीस लागला, खरा एकशे सत्तावीस,
पण भांडलो नाही.
पैसे जमले एक लाख चौऱ्याऐंशी हजार.
कन्नडचं वर्ष निघालं. मराठीचे पाच महिने.

उरलेल्या महिन्यांच्या मंगळवारी मी बसणार आहे.
टिळकवाडीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत शिकवतात.
फोन उचलून आधी काय बोलायचं, याला दोन तास लागले.
माझ्या तोंडून सारखं एकच येत होतं,
का रे? काय झालं?
बाई शांतपणे म्हणाल्या, ती जागा
रिकामी राहू द्या. तो भरेल, त्याला वाटेल तेव्हा.
तुम्ही फक्त जागे आहात, एवढं त्याला कळू द्या.