एंट्री

म्हात्रे पुलाजवळच्या लॉनवर
सहा वर्षं मी धूर सोडतोय.
भोसरीहून आणलेला तीस किलो कोरडा बर्फ,
एक पिंप, गरम पाणी, वर झाकण.
नवरी निघाली की झाकण उघडायचं,
एवढंच काम.
बोटं भाजतात ती बर्फानं, हे घरी कुणाला पटत नाही.

मोसमात पन्नासेक नवऱ्या
ढगातून येताना बघतो.
ढग तोच, गाणं तेच,
नावांची पाटी तेवढी बदलते, निऑनची.
परवा ‘ऋतेज’मधला ऋ विझला,
नुसता तेज उरला.
नवरीकडचे काही बोलले नाहीत.

हळदीला सगळे पिवळे, गॉगलसकट,
आणि हळद कुणाच्याच हाताला नाही,
कपडे भाड्याचे असतात.
मंगलाष्टकांच्या डोक्यावर ड्रोन घोंघावतो,
गुरुजी हल्ली ‘सावधान’ म्हणतात
ते वर बघूनच म्हणतात.
पास्ता लाइव्ह, डोसा लाइव्ह,
चॉकलेटच्या कारंज्यात कोपरापर्यंत गेलेलं एक पोर,
आणि मठ्ठा शोधणारे एक गृहस्थ
पाच काउंटर पालथे घालून
शेवटी भांडीवाल्या मावशींपाशी पोचलेले.
मावशींकडे होता. अर्धं पातेलं.

मी हसत नाही. माझं पोट यावरच आहे.

पण त्या गुरुवारी खळदकर आले,
नवरीचे वडील, फेटा एका कानावर उतरलेला,
पिंपाशी उकिडवे बसले, जणू शेकोटीच आहे.
म्हणाले, “कमी सोडता येईल का हो?
डोळ्याचं ऑपरेशन झालंय पंधरवड्यापूर्वी.
मला ती येताना दिसायला हवी.”
पैसे काढायला लागले. मी नको म्हटलं.
का म्हटलं, माहीत नाही.

गाणं लागलं. कौस्तुभ सरांनी लांबून बोट वर केलं.
मी झाकणावर बसलो.

मग दिसली ती जमीन,
चिकटपट्ट्यांनी दाबलेल्या वायरी,
कुणीतरी टाकलेला पाण्याचा ग्लास,
आणि त्यातून ऋजुता,
शालू एका मुठीत, उंच टाचांच्या चपला दुसरीत,
अनवाणी, वायर ओलांडताना खाली बघत,
मग वर.
खळदकर काही रडलेबिडले नाहीत.
फेटा नीट केला, तेवढंच.

कौस्तुभ सरांनी पाचशे कापले.
“व्हिडिओची वाट लावलीस,” म्हणाले. लागलीच असेल.

रात्री एक वाजता उरलेला बर्फ
नेहमीसारखा मुठेत ओतला.
काळं पाणी खदखदलं, पांढरा लोट उठला,
जलपर्णीवरून सरकत पार पुलाच्या खांबापर्यंत गेला.
काठावरची दोन कुत्री उठून उभी राहिली.
कोण येतंय, बघत.