खालचा लाल

ती आली चार खोक्यांत आणि एका पोत्यात.
बेथेस्डातलं आमचं स्वयंपाकघर, बाहेर वेल्सचा जानेवारी,
टेबलावर चौकट, न्हाणीच्या टबात चाकं,
अंड्यांच्या ट्रेमध्ये नटबोल्ट,
खळग्या-खळग्यात चिठ्ठी:
क्लच, डावीकडचा. गिअर, बहुतेक.
बहुतेक हा शब्द त्या हिवाळ्यात मी फार वेळा लिहिला.

पिस्टन धरून बसला होता.
आठवडाभर डिझेल पाजलं,
लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकलं,
शिव्या दिल्या, आधी वेल्शमधून, मग इंग्रजीतून.
गुरुवारी सुटला,
रुसलेला माणूस बोलायला लागतो तसा,
कारण न सांगता.

माझे मिलिमीटरचे पाने तिला चालेनात.
तिची मापं इंचांची, आणि इंचही कुठले तरी जुन्या घराण्यातले.
गॅस्केट कापलं कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून.
बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, मटारांच्या शेजारी,
इंजिनचं कवच ओव्हनमध्ये.
हे आक्रसलं, ते ऐसपैस झालं,
आणि टप्.
एवढ्याशा आवाजासाठी मी एकटी नाचले.
पुढचे तीन केक ग्रीसच्या वासाचे निघाले.

टाकी घासायला घेतली मार्चमध्ये.
काळ्याखाली निळा,
निळ्याखाली कुणाचा तरी भयंकर हिरवा,
आणि तळाशी, ओल्या पॉलिशपेपरखाली
हळूहळू वर येणारा लाल.
टपालपेटीचा लाल.

शेजारचा इद्वल शिडी परत करायला आला होता.
दारातच थबकला.
"ही माझी," म्हणाला. मग, "नाहीतर हिची बहीण."
सोळा वर्षांचा होता, तारवाला पोरगा,
कानांवर उतरणारी टोपी, पट्ट्याला चामडी बटवा.
"खाणीच्या चढाला लागलो
की हिचा आवाज माझ्या आधी पोचायचा.
फट् फट् फट्.
दारादारात बाया, पिठाचे हात तसेच.
मी पुढे गेलो की त्या दाराचा श्वास सुटायचा.
आणि थांबलो की..."
शिडी भिंतीला नीट लागली आहे का,
ते त्यानं दोनदा पाहिलं.

बाळ झाल्याच्या तारा असत, लग्नाच्याही.
पण फाटकाशी इंजिन बंद होतं
तेव्हा कुठं कुणाला ठाऊक असतं?
एल्व्हेड पॅरीच्या आईनं तार घेतलीच नाही.
सायप्रसला होता तो, पलटणीत.
तिनं याला आत बसवलं, चहा दिला, पाव दिला,
आणि तो खाईस्तोवर
हवापाण्याचं बोलत राहिली.

मी तर अस्सल रंगाचा डबा मागवून बसले होते.
अस्सल तेच मोलाचं, सगळे जाणकार सांगतात.
इद्वल म्हणाला, "कुठलाही दे. हा सोडून."

मग मी हिशेब मोडला.
स्वयंपाकघराच्या भिंतीचा उरलेला पिवळा,
तो काही पत्र्याला धरेना,
म्हणून त्याच्यासारखाच दुसरा घोटून आणला.
सायलेन्सर लांब केला, आत लोकर भरली,
फट् फटचं झालं बुडबुड,
मंद आचेवरच्या डाळीसारखं.
टपालाच्या गाडीला मागची सीट नव्हती,
कारण तिथं कुणी बसायचंच नसे.
ती मी बसवली,
मोडीत निघालेल्या चॅपलच्या बाकाची गादी कापून.
टाकीच्या पोटाखाली मात्र
तळहाताएवढा लाल ठेवला उघडा.
वाकल्याशिवाय दिसत नाही.
त्याला सांगितलं नाही. बहुतेक त्याला माहीत आहे.

मे महिन्यात तो मागे बसला, चौऱ्यांशी वर्षांचा,
माझ्या कोटाचे खिसे मुठीत धरून.
पाटीच्या दगडाची घरं, पाटीच्या दगडाची कुंपणं,
प्रत्येक वळणाआधी त्याचं अंग आपोआप झुकत होतं,
माझ्या आधी.
चौदा नंबरपाशी मी थोडी हळू झाले.
कानाशी तो म्हणाला,
"थांबू नकोस. कुठल्याच दाराशी नको."

थांबले नाही.
एका पोरानं फक्त विचारलं, ही कितीला दिली?

पुढे पुलापाशी पेट्रोल संपलं
आणि दोघांनी ढकलत आणली घरी,
तो हँडलला, मी मागून,
वाटेत दोनदा त्याला हसू आवरलं नाही.