सेफ्टी पिन

मशीनने छापलेलं नाव चुकीचं होतं.
मशीन खोटं बोलत नाही तसं,
यादीत नसलेला कुणी समोर आला
की त्याच्या चुलतभावाचं नाव सांगतं,
शेजारी खात्री : नव्व्याण्णव टक्के.

चांगुणा खैरे, वय बावन्न.
मांजरीच्या नर्सरीत काळ्या पिशव्यांत माती भरते,
दिवसाला सातआठशे, अनवाणी.
टाचांना भेगा. साखर साडेतीनशे.
ताप अठरा दिवस.
पहिल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हटलं,
शेजारणीने कावीळ म्हटलं आणि कसलासा पाला वाटून पाजला,
सोनोग्राफीने यकृतात गळू म्हटलं
म्हणून आमांशाच्या गोळ्या झाल्या.
गोळ्या संपल्या.
टीबीचा कागद अर्धा भरून टेबलावर होता.

सीटीच्या फिल्मवर उजव्या बरगडीखाली
पोळं लागलेलं, खणाखणांचं.
सुईने चाळीस मिली पू निघाला,
तो माझ्याकडे आला, रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
गुरुवारी. नळ कोरडे.
बादलीतून तांब्याने पाणी घेत मी काच रंगवली.

गुलाबी कांड्या,
दोन्ही टोकांना गडद, मधे जवळजवळ काहीच नाही.
सेफ्टी पिना.

तिच्या मंगळसूत्राला अशा तीन होत्या.
सीटीच्या आधी काढून मुलाच्या हातात दिल्या,
तो त्या मुठीत धरूनच
माझ्या काउंटरशी उभा होता, "रिपोर्ट कधी?"

आफळे सर म्हणायचे,
जंतूला सगळे विचारतात, तू कशाने मरतोस.
तू विचार, कशाने मरत नाहीस.
जेंटामायसिनच्या चकतीला तो खेटून वाढला,
कोलिस्टिनच्याही.
तिसऱ्या चकतीपासून मात्र हातभर लांब,
सोवळ्यातल्या माणसासारखा.
अठ्ठेचाळीस तासांनी प्लेट टाकतात. मी टाकली नाही.
चौथ्या दिवशी वसाहती सुरकुतल्या,
वाळत घातलेल्या कोकमांसारख्या.
ओल्या मातीचा वास येतो म्हणतात.
तो घ्यायचा नसतो. झाकण लावलं.

इनामदार डॉक्टरांना फोन केला.
मेलिओइडोसिस.
त्यांनी स्पेलिंग दोनदा विचारलं,
मग बराच वेळ फक्त वॉर्डातला पंखा ऐकू येत राहिला.
"पुण्यात?"
मातीत, सर, म्हटलं.

पंधरा दिवस इंजेक्शनं, पुढे कितीतरी महिने गोळ्या.
सातव्या दिवशी ताप उतरला,
नवव्या दिवशी तिने भाकरी मागितली.
मी वर जाऊन सांगितलं : बूट घाला, हातमोजे घाला.
ती हसली. "मालक चहाला कप देत नाही,
बूट देतोय होय."
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"माती कशी लागंल बाई मला? एवढी वर्षं झाली."

त्या संध्याकाळी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली.
माझंच अक्षर.
पू, यकृत. पू, प्लीहा. रक्त, ताप तीन आठवडे.
शेरा : बाहेरचा जंतू, नमुना दूषित,
पुन्हा पाठवावा.
अकरा नोंदी.
नऊंचा पुन्हा आलेला नाही.

एकीपुढे मोबाइल नंबर होता, यवतचा.
लावला.
वाजतोय.