एकतीस मीटरवर पाव तास

बेळगाव कॅम्पात, बेकरीच्या मागच्या खोलीला
आम्ही आतून चहूबाजूंनी गोधड्या ठोकल्या होत्या.
तोच स्टुडिओ.
पाव तास मराठी, रूथबाई.
पाव तास कन्नड, देवसहाय मास्तर.
टेबल एक, माईक एक, पाण्याचा तांब्याही एकच.
बाहेर कुणी कुणाच्या पाट्यांना डांबर फासत असलं
की आम्ही खिडकीत आणखी एक गोधडी कोंबायचो
आणि पुन्हा पहिल्यापासून:
श्रोतेहो, शांती असो.

मग मी फिती डब्यात घालून वर मांजरपाट शिवायचो,
लाखेचा शिक्का मारायचो,
आणि डबा बोटीने जायचा त्या बेटावर,
जे आमच्यातल्या कुणीच पाहिलं नव्हतं.
नारळ असणार तिथे, रूथबाई म्हणायच्या,
नारळाशिवाय बेट कसलं.
तीन महिन्यांनी तोच आवाज
समुद्र ओलांडून, आभाळाला आपटून
आमच्याच कौलांवर उतरायचा, सव्वासातला,
खरखरत, हेलकावत,
बाई जशा विहिरीच्या तळातून बोलतायत
आणि वर कुणीतरी रहाट फिरवतंय.

रजिस्टर माझ्याकडे.
नाव. गाव. धर्म. शंका. निर्णय.
दर महिन्याला बेटावर आकडा कळवायचा:
इतकी पत्रं, इतके जिज्ञासू.
लोक काय काय लिहायचे.
खानापूरचा एक: तुमच्या देवाला कुळकायदा ठाऊक आहे का?
यमकनमर्डीची बाई: कॅलेंडर धाडा,
मोठ्या आकड्यांचं, अवस कळणारं.
निपाणीच्या वखारीतल्या चौघी मिळून:
सेल महागलेत, दहाच मिनिटं लावतो,
तर त्या उधळ्या पोराला शेवटी घरात घेतला का
तेवढं उलट टपाली कळवा.

आणि संकेश्वरहून भरमू हट्टीकर,
साखर कारखान्याचा रात्रीचा पहारेकरी.
तो मराठी लिहायचा कन्नड अक्षरांत.
मास्तर मोठ्याने वाचायचे, मी ऐकायचो.
अक्षर त्यांचं, अर्थ माझा.

"बाईस्नी सांगा, घसा बसलाय त्येंचा.
गेल्या बेस्तरवारी सात डाव खोकल्या. मोजलंय मी.
अडुळसा द्या, मधातनं.
रातचं ताक नको म्हणावं."

हे पत्र आलं तेव्हा रूथबाईंना
मिशनच्या दफनभूमीत ठेवून एकोणीस दिवस झाले होते.
आणि बोटीत, बेटावर, आभाळात मिळून
त्यांचे अकरा पाव तास अजून शिल्लक होते.

बेटाला तार केली. उत्तर एका शब्दाचं: लावू.

मी रजिस्टर उघडलं.
शंका? नाही.
निर्णय? नाही.
खोकला कुठल्या रकान्यात लिहायचा?

ऐकायचं टाळलंच मी.
रेडिओ कपाटावर टाकला, वर छत्री.
पण एकदा सायकल पंक्चर झाली,
आणि दुकानदार, त्याला गाणी हवी होती,
काटा फिरवताना घटकाभर बाईंवर थांबला:
श्रोतेहो, शां
आणि खोकला.
मग काटा पुढे, तबला, कुणीतरी गायला लागलं.
ट्यूब पाण्यात होती, बुडबुडे येत होते.
माझं एक बोट दुमडलेलंच राहिलं.

भरमूला लिहिलं:
पत्र पोचलं. अडुळशाबद्दल बाईंच्या वतीने आभार.
यातलं खोटं नेमकं किती
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठ दिवसांत पुडा आला,
विडीच्या कागदात बांधलेला सुका पाला.
मास्तरांनी स्टोव्हवर उकळला.
दोघांनी अर्धा अर्धा घेतला, उभ्यानेच,
कडू जहर.
गोधड्यांना दोन दिवस वास होता.

त्या गुरुवारी मराठीला कुणी नव्हतं.
मास्तरांनी काही न बोलता खुर्ची मागे ओढली
आणि मला बसवलं.
फीत फिरायला लागली.
श्रोतेहो, म्हणालो,
आणि घसा खाकरला.

मास्तरांनी विचारलं, परत घेऊ या?
मी मान हलवली, नको.
जाऊ दे बेटावर तसंच.
संकेश्वरला मोजणारा आहे.