एक पॉइंट नऊ

पुतणीच्या साखरपुड्यात पैज लागली
आणि मी एकवीस जिलब्या खाल्ल्या,
दिवस मावळायच्या आत. आमच्यात तसंच असतं.
जिंकलेली शंभराची नोट उशाखाली ठेवून झोपलो.

पहाटे पाय माझे नव्हते.
म्हणजे होते, दिसत होते,
डास चावलेला कळत होता,
हाकलायला हात गेला नाही.

बाळगोंडानं पोत्यासारखं उचललं,
गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात टाकलं.
'अशक्तपणा हाय,' म्हणाले. ग्लुकोज लावलं.
बाहेर बाकावर कुणीतरी करणीचं बोलत होतं.
गोड पाणी शिरेतून उतरत गेलं
आणि मघापर्यंत वळणारी मानसुद्धा
उशीवर पडून राहिली.
ताकदीची बाटली म्हणतात तिला.

हुपरीहून सीपीआरला येताना
ॲम्ब्युलन्सच्या छताचा एक स्क्रू बघत होतो.
ढिला होता. प्रत्येक खड्ड्याला हलायचा.
मला त्याचा हेवा वाटला.

डॉक्टर तांबोळी, वय जेमतेम सव्वीस,
पेन केसांत खोचलेलं,
म्हणाल्या, 'एका दमात आकडे म्हणा.'
अकराला माझा दम संपला.
त्यांनी आधी ती बाटली काढली.
मग रक्त गेलं, कागद आला:
पोटॅशियम एक पॉइंट नऊ.
साडेतीन तरी पाहिजे.

'गेलं कुठं?' सुलोचनानं विचारलं,
काट्यावर चांदी कमी भरली की विचारते तसं.
'कुठं गेलं नाही, वहिनी. रक्तातनं उठून
पेशींच्या आत जाऊन बसलंय.
गोड जास्त झालं की आत पळतं.
त्यात वरून ग्लुकोज...'
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग मिठाच्या पाण्यातून पोटॅशियम,
हातभर शीर जाळत, मशीननं मोजून.
बाळगोंडाला दम निघेना.
'जरा जोरात सोडा की.'
'जोरात सोडलं तर काळीज थांबतंय, दादा,'
सिस्टर म्हणाली, आणि डबा उघडून
तिथंच उभ्यानं भाकरी खाल्ली.
पडद्यावर माझी हिरवी रेघ पळत होती,
जंतरातून ओढलेल्या तारेसारखी,
मधेच नको तिथं उंचवटा.

दर दोन तासांनी रक्त.
तिसऱ्या कागदाच्या आधी डावा अंगठा हलला.
पहिल्यांदा सुलोचनाला दिसला, मला नाही.
ती काही बोलली नाही, चादर बाजूला करून
बघत बसली.
तेवढ्यात तांबोळीबाईंनी मशीन बंद केलं.
आत बसलेलं आता आपणहून बाहेर येईल,
वर आणखी ओतलं तर उलटंच व्हायचं.

आता रोज औषध पाण्यात कालवून.
संत्र्याचा वास, चव समुद्राची.
आणि एक पांढरी गोळी, सकाळ-संध्याकाळ.
तिच्यामुळं सोडा पितळेसारखा लागतो,
मुतखड्याच्या भीतीनं तांब्याभर पाणी ढोसावं लागतं,
बोटांच्या टोकांना मुंग्या येतात.
तक्रार केली तर म्हणाल्या, 'चालायचंच.'

पुतणीच्या लग्नाला
बेत सोडून ताक पीत बसलो.
शंभराची नोट परत केली, घेतली नाही कुणी.

रोज पहाटे, डोळे उघडायच्या आधी,
एका दमात आकडे म्हणतो.
आज चौतीस.
मग खाली पेढीवर बसून
घुंगरू उचलतो, पोटात दाणा टाकतो,
झाळ देऊन तोंड बंद करतो.
मुंग्या आलेल्या बोटांना ते नीट जाणवत नाही.
म्हणून कानाशी नेऊन
हलवून बघतो.